उसने कान

६ जानेवारी

ताई,

सहा महिने पत्र नाही आणि आता एकदम एवढं जाड पाकीट, म्हणजे याचं काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. काम आहेच.

मला ऐकू येत नाही.

कमी येतं, असं नाही. येतच नाही. डावा कान गेल्या वर्षीच गेला, ते मी कोणाला कळू दिलं नाही. उजवा नोव्हेंबरात गेला. 'नस सुकली आहे' असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि खाली झोकदार सही केली. कानात घालायचं यंत्रही लावून पाहिलं. त्यातून आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. डब्यात खडे भरून हलवल्यासारखं वाटतं. आणि ते यंत्र कानात दिसलं की माझं 'नवे पडदे' सदर बंद. चित्रपटांवर चार-चार ओळी लिहिणारा माणूस ठार बहिरा आहे हे कळल्यावर संपादक मला एक दिवस ठेवायचे नाहीत. छापखान्यावरची ही खोलीही त्यांचीच.

दोन महिने नुसत्या डोळ्यांवर लिहितो आहे. गेल्या शुक्रवारी 'सासऱ्याची सायकल' बघताना अख्खं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या हलल्या, शेजारच्या माणसाने माझ्या मांडीवर थाप मारली. पडद्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती, बाकी काही नाही. मीही हसलो. दुसऱ्याचं बघून हसायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

तर तू. तू थिएटरच्या तिकीटखिडकीवर बसतेस. नवे चित्रपट तुमच्याकडेही शुक्रवारीच लागतात. शुक्रवारी बघ, शनिवारी पत्र टाक, मंगळवारी मला मिळेल. माझा मजकूर गुरुवारी जातो आणि रविवारी छापून येतो. कोण काय बोललं, लोक कुठे हसले, गाणी कशी, कोणाचा आवाज कसा, एवढं लिही. मतं लिहू नकोस, ती माझ्याकडे भरपूर आहेत. आठवीत शाळा सोडलेल्या बाईकडून मला फक्त कान हवेत.

कोणाला सांगायचं नाही. तुझ्या ठकीलाही नाही. माझी शपथ आहे.

बारक्या


११ जानेवारी

बारक्या,

पत्र वाचून आधी रडले. मग तुझी शेवटची ओळ परत वाचली आणि रडू थांबलं. आठवीत शाळा कोणासाठी सोडली ते एकदा आठवून बघ. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा, आणि माझ्याशिवाय कोणाच्या हातून जेवायचा नाहीस. असो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. कोणी काही सांगितलं तरी कानात तेल घालू नकोस.

कोणाला सांगणार नाही. ठकीला तर नाहीच. तिला तिच्या मामाचं केवढं कौतुक! स्टुडिओच्या गावी एवढ्याशा खोलीत राहते, पण दर रविवारी तुझ्या चार ओळी कापून वहीत चिकटवते. परवा लिहिलं होतं तिने, या आठवड्यात एका पिक्चरमध्ये बाजारातल्या गर्दीला आवाज दिला आणि एका तान्ह्या बाळाचं रडणं केलं. बाळाचं रडणं तिचं फार छान होतं म्हणे.

आता तुझं काम. शुक्रवारी आमच्याकडे दर खेळाला वेगळा पिक्चर असतो; खेळ सुरू झाला की मी खिडकी लावते आणि मागच्या दाराने आत जाऊन उभी राहते. ऑपरेटरने विचारलं, 'बाई, आज काय सुट्टी का?' म्हटलं, पाय मोकळे करते.

'सासऱ्याची सायकल'. ती बाई कपडे वाळत घालते तेव्हा नवरा आतून ओरडतो, 'माझा शर्ट कुठंय?' ती म्हणते, 'धुतला. आता तो तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे, तुम्हाला शोभायचा नाही.' त्यावर हसले.

'मधल्या सुट्टीतला खून'. खुनी कोण ते दहा मिनिटांत कळतं. बाकी सगळे ओरडून बोलतात, तो एकटा हळू बोलतो. गाणी चार, त्यातली तीन नको होती.

'तिसरी खुर्ची'. म्हातारा-म्हातारी दिवसभर घरात बसून असतात. बोलणं कमी आणि उसासे फार. मी उसासे मोजले, एकेचाळीस भरले. नंतर मागच्या रांगेतलं घोरणं मोजायला घेतलं. म्हातारीचा आवाज गोड आहे. एकंदरीत बरा आहे.

जेवण वेळेवर कर.

ताई


२० जानेवारी

ताई,

कात्रण सोबत आहे. 'एकेचाळीस उसासे' ही तुझी ओळ मी कानामात्रा न बदलता टाकली. वाचून संपादक हसले. हसले म्हणजे त्यांचे खांदे हलले आणि चष्मा घसरला. मतं लिहू नकोस म्हणालो होतो, ते मागे घेतो. तुझ्यात विष आहे आणि ते इतकी वर्षं तिकिटं फाडण्यात वाया गेलं.

पण 'बरा आहे' हे सोड. बरा असतो तो पेशंट. रविवारी सकाळी आडवं पडून पेपर वाचणाऱ्या माणसाला चार ओळींत कोणाचं तरी रक्त दिसावं लागतं. सुरी कुठे लावायची तेही सांगतो. माणसाला स्वतःचं जे सगळ्यात आवडतं, तिथे. नटीच्या डोळ्यांना नावं ठेव, दिग्दर्शकाच्या पहिल्या दृश्याला, गाणाऱ्याच्या वरच्या सुराला. बाकी कुठे मारलेलं त्यांना लागत नाही.

आणि उसासे मोजलेस तशी बारीक नजर ठेव. म्हणजे बारीक कान.

बारक्या


१ फेब्रुवारी

बारक्या,

गेल्या रविवारी मजा झाली. ऑपरेटर पेपर घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि मोठ्याने वाचायला लागला, 'रात्रपाळीची राणी: नायिका पन्नाशीची आणि भूमिका विशीची. तिला जवळून दाखवताना कॅमेऱ्यापुढे एवढं धुकं सोडलं आहे की प्रेक्षक खोकू लागतात.' रांगेतली माणसं खो खो हसली. ऑपरेटर म्हणाला, 'बाई, तुमचा भाऊ म्हणजे अस्सल विंचू!' मी सुट्टे पैसे देत होते, पण आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. माझी ओळ, आणि चारशे मैलांवर छापून आलेली! त्या नटीला कसं वाटलं असेल असा विचार नंतर आला, पण फार वेळ टिकला नाही. खोटं कशाला सांगू?

आता या आठवड्याचे.

'दोन होड्या'. नवा नायक. रडतो तेव्हा हसल्यासारखा दिसतो आणि हसतो तेव्हा दाढ दुखल्यासारखा. मध्यंतरानंतर तो मरून पडतो, तेवढी दोन मिनिटं त्याने काम चांगलं केलंय.

'काचेचं बेट'. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, रागावू नकोस. यातल्या नायिकेला भाषा येत नाही, तिचा सगळा आवाज आपल्या ठकीचा आहे. पहिलाच अख्खा सिनेमा! मला तिने मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी खिडकी लावून आत गेले, पडद्यावर ती उंच गोरी मुलगी दाराशी आली आणि ठकीच्या आवाजात म्हणाली, 'आत येऊ का?' मी 'ये' म्हणून गेले. पुढे दवाखान्यातला प्रसंग आहे. बाप डोळे उघडत नाही आणि ती त्याच्या उशाशी बसून विचारते, 'बाबा, जेवलात का?' एवढंच. पुन्हा एकदा तेच विचारते, आणखी हळू. दारावरचा तिकीट तपासणारा, ज्याला गेल्या वीस वर्षांत कोणी रडताना पाहिलं नाही, तो टोपी काढून उभा राहिला. ठकीचे बाबा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे तिने कुठून आणलं ते मला माहीत आहे.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. एक ओळ लिही. नाव नको, नातं नको. 'आवाज चांगला आहे' एवढंच. निर्मात्याचा पुढचा पिक्चर अर्धा झालाय, तोही तिलाच दिलाय. तुझी ओळ आली तर तिचे पाय घट्ट रोवले जातील.

ताई


९ फेब्रुवारी

बारक्या,

आज दुपारी पेपर आला. तू लिहिलंस ते इथे उतरवते, कदाचित तुझ्या हातून काही वेगळंच गेलं असेल:

'काचेचं बेट: नायिकेचा चेहरा बोलका आहे हे नशीबच, कारण तिला दिलेला आवाज म्हणजे पत्र्यावर ओढलेला खिळा. दवाखान्यातल्या प्रसंगात बाप डोळे का उघडत नाही ते आपल्याला समजतं. निर्मात्याने पुढच्या वेळी आवाज बदलावा, नाहीतर चित्रपट मुका ठेवावा.'

ही छापखान्याची चूक आहे का? दुसऱ्या कुठल्या सिनेमाचा मजकूर इथे जोडला गेला का? लगेच कळव. उलट टपाली.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

छापखान्याची चूक नाही. ऐकून घे आणि मग चिड.

तो मजकूर लिहायच्या आठवड्यात, सोमवारी कचेरीत कोणीतरी माझ्या पाठीमागे चहाचा अख्खा ट्रे पाडला. मुद्दाम. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. वर बघितलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि पायाशी फुटलेल्या कपांचा सडा. संपादकांना कोणीतरी कुजबुजलं असणार. त्या आठवड्यात मला आवाजावर लिहिणं भागच होतं. ऐकणाऱ्या माणसालाच सुचेल असं काहीतरी. 'आवाज चांगला आहे' हे कोणीही लिहू शकतं, भिंतसुद्धा. आवाजाला नावं ठेवली तरच लोकांना पटतं की याला कान आहेत. त्या आठवड्यात तुझ्या पत्रात एकाच आवाजाबद्दल एवढं बारीक लिहिलेलं होतं.

आणि लागूही पडलं. गुरुवारी मजकूर वाचून संपादकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ठकीचं नाव कुठे आलंय? आवाजाला चेहरा नसतो. ती तरुण आहे, चार दिवस रुसेल आणि विसरेल. या धंद्यात राहायचं तर कातडी जाड करावी लागते, ती मामाने फुकट करून दिली असं समज. लहानपणी तिचा घसा बसायचा हे तर तुलाही आठवत असेल. म्हणजे मी अगदीच खोटं लिहिलं असंही नाही.

शनिवारच्या पत्राची वाट बघतो.

बारक्या


१ मार्च

ताई,

तीन आठवडे काही नाही. तीन रविवार मी नुसते पोशाख आणि देखावे यांवर काढले. संपादक विचारू लागलेत. राग असेल तर रागावून लिही, पण लिही. तू लिहिलं नाहीस तर मी रस्त्यावर येईन, हे तुला ठाऊक आहे.

बारक्या


८ मार्च

बारक्या,

लिहिते.

ठकी घरी आली आहे. तुझ्या चार ओळी छापून आल्या त्याच आठवड्यात निर्मात्याने तो अर्धा झालेला पिक्चर तिच्याकडून काढून घेतला. तिच्या आवाजातला सगळा भाग पुसून दुसऱ्या मुलीकडून करून घेतला. स्टुडिओत तिला पुन्हा गर्दीत उभं केलं. मग गर्दीतूनही काढलं, कारण तिथल्या पोरी तिला 'खिळा' म्हणून हाक मारायला लागल्या आणि ती मधेच थांबायला लागली.

आता ती बोलते ती कुजबुजून. शेजारीण विचारते, पोरीचा घसा बसलाय का? मी हो म्हणते. पहिल्या रात्री मी तिला म्हटलं, एवढं काय मनावर घेतेस, चार ओळी तर आहेत. ती म्हणाली, 'आई, दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी हसले असते. मामा खोटं लिहिणार नाही. मी त्याची भाची आहे हे माहीत असूनही त्याने लिहिलं, म्हणजे ते किती खरं असेल.' तिने ते कात्रणही वहीत चिकटवलंय.

तू मला शपथ घातलेली आहे. म्हणून तिला काही सांगितलं नाही.

हे या आठवड्याचे.

'वरातीमागचा वकील'. विनोदी म्हणून काढलाय. पहिल्या रांगेतला एक माणूस हसला, पण तो शेजारच्या माणसाशी गप्पा मारत होता हे नंतर कळलं.

'उलटा जिना'. हा चांगला आहे, हात राखून लिहू नकोस. तू पाहिलाच असशील. शेवटी तो म्हातारा पहारेकरी काचेच्या दारामागे उभा राहतो आणि त्याचे ओठ हलत राहतात. तिथे तो गातो. मुलगी लहान असताना म्हणायचा ती अंगाई. भरदार, जरा चिरलेला आवाज, खालच्या सुरात सुरू होऊन हळूहळू चढत जातो. मागे सारंगी आहे, ती थोडी जास्तच मोठी झालीय, त्या सारंगीला नावं ठेव हवं तर. लोक जागचे हलत नाहीत. हे गाणं म्हणजेच हा सिनेमा. यावर सगळ्या ओळी खर्च कर.

ताई


१९ मार्च

ताई,

ते गाणं नाहीच.

रविवारी छापून आलं. 'शेवटची अंगाई अशी, की तिच्यासाठी मागची तासभराची कंटाळवाणी चाल माफ करावी. दुखावलेला, भरदार गळा. सारंगीवाल्याला मात्र कोणीतरी आवरायला हवं होतं.' सोमवारी कचेरीत पाऊल टाकलं तर सगळे उभे. संपादकांनी माझ्यापुढे दुसरे तीन पेपर टाकले. तिन्हींमध्ये एकच गोष्ट: 'उलटा जिना'च्या शेवटी दिग्दर्शकाने आवाज पूर्ण बंद केला आहे. म्हातारा काचेमागे बोलतो आणि आठ मिनिटं प्रेक्षकाला काहीही ऐकू येत नाही. सगळ्या गावात त्या शांततेचीच चर्चा. संपादकांनी कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कोणती सारंगी?'

मी काहीतरी बोललो. काय बोललो, किती मोठ्याने, ते मला कसं कळणार? एवढं दिसलं की ते हसत होते. पंधरा-वीस माणसं, तोंडं उघडी, एकाने टेबल धरलेलं. बावीस वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं ती माणसं. मग एकजण माझ्या मागे गेला, आणि समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की तो पाठीमागून मला काहीतरी म्हणतोय.

सदर गेलं. महिनाअखेर खोली सोडायची आहे.

तू चुकलीस की मुद्दाम केलंस, हे मी विचारणार होतो. आता विचारत नाही. ठकीच्या बाबतीत माझं चुकलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा ते खरं समज. मी तिला पत्र लिहीन, तू सांगशील तसं.

ताई, मला तुझ्याकडे येऊ दे. मागची लहान खोली पुरेल. इथे दुकानदारसुद्धा माझ्याशी बोलायचं टाळतो, खुणा करून कंटाळतो. दिवसचे दिवस जातात आणि एक शब्द माझ्यापर्यंत पोहोचत नाही. माणसाचं बोलणं म्हणून माझ्याकडे आता फक्त तुझं अक्षर उरलंय. जुनी पत्रं काढून वाचतो, त्या शर्टवाल्या विनोदाचंसुद्धा. तू घरात असशील, काही लागलं-सवरलं तर चार शब्द लिहून देशील, तेवढ्यावर मी राहीन.

नाही म्हणू नकोस.

तुझा
बारक्या


२४ मार्च

बारक्या,

मुद्दाम केलं. त्या शुक्रवारी मी आत उभी होते. आठ मिनिटं हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा होता. तेव्हाच ठरवलं. घरी येऊन अंगाई रचली, सारंगी नंतर सुचली. तूच शिकवलं होतंस सुरी कुठे लावायची ते.

माझाही दोष आहे. त्या पन्नाशीच्या नटीचं धुकं माझं होतं, 'दोन होड्या'तल्या पोराची दाढही माझीच. तीही कोणाची तरी लेकरं. तेव्हा मी खिडकीत बसून खुश होते आणि माझ्या पोरीवर आलं तेव्हा किंचाळले. पण माझ्या दोषाने तुझा दोष कमी होत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी शपथ मोडली. ठकीला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं, तुझी पत्रं वाचायला दिली. तिने सगळी वाचली. ट्रे पाडल्याचं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, 'म्हणजे मामाने माझा आवाज ऐकलेलाच नाही?' म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी उठून स्टुडिओच्या गावी गेली आणि तिथल्या साहेबांना सांगून आली, की ते लिहिणारा माणूस बहिरा आहे. साहेब म्हणाले, 'असेल. पण आम्हाला आता तुझं काहीही ऐकलं की तो खिळाच ऐकू येतो.' संध्याकाळच्या गाडीने परत आली. आता ती माझ्याबरोबर खिडकीवर बसते. दिवसभर तिला दोनच शब्द लागतात, 'किती' आणि 'पुढे'. ते मात्र मोठ्याने म्हणते, स्पष्ट. मी ऐकत असते.

तिला पत्र लिहू नकोस. ती वाचणार नाही.

तू ये. आईच्या माघारी तुला वाढवलाय, रस्त्यावर टाकणार नाही. मागची खोली झाडून ठेवली आहे. दोन वेळचं ताट मिळेल, अंथरूण मिळेल, आजारी पडलास तर औषध मिळेल. फक्त लिहून कोणी देणार नाही. पाटी नाही, कागद नाही. हे माझं शेवटचं पत्र आहे. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. आम्ही बोलू. जेवताना बोलू, तुझ्यासमोर बोलू, तुझ्याबद्दल बोलू, हसूसुद्धा. तू बघत बस. ठकी काय काय म्हणते ते मी तुला कधीच सांगणार नाही, चांगलं असलं तरी.

शुक्रवारी सकाळची गाडी घे. माझी खिडकी असते, म्हणून स्टेशनवर ठकी येईल. गर्दी फार असते. ती मागून 'मामा' म्हणून हाक मारेल. तिला सांगून ठेवलंय, जितक्या वेळा मारायची तितक्या वेळा मार, पण हात हलवायचा नाही आणि पुढे यायचं नाही.

ताई